सोमवारी दाखवू

बुधवारी सकाळी उज्ज्वला न्हाणीतून बाहेर आली ती भिंतीचा आधार घेत. मी सोप्यात बसून पुठ्ठ्यावर मुकुटाचा आकार कापत होते. माझ्या या सुनेला सातवा लागून पंधरा दिवस झाले होते आणि येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. मी कात्री न थांबवता म्हटलं, "काय गं, आत्तापासूनच म्हातारी झालीस होय?" एरवी तिने लगेच परतफेड केली असती. आम्हा सासू-सुनांची थट्टा ऐकायला शेजारणी मुद्दाम दारात रेंगाळायच्या. त्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली, माझा मुलगा उमाकांत कामावर गेलाय ना ते दाराकडे बघून घेतलं आणि खालमानेने बोलली.

"आत्याबाई, लघवीला आग होतेय. कालपासून. सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब. जीव नको होतो."

मला हसूच आलं. एवढंच ना! वैशाख चालू होता, आमच्या बार्शीचं ऊन तर माणसाला तव्यावर भाजतं. कुणाला तरी उन्हाळी लागल्याशिवाय आमच्या गल्लीतला उन्हाळा कधी सरला नव्हता. बायका यायच्या, दारातूनच कुजबुजत सांगायच्या, आणि मी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, तळपायांना खोबरेल, असं सांगून त्यांना परत पाठवायची. दोन दिवसांनी त्याच बायका लिंबं नाहीतर शेवग्याच्या शेंगा घेऊन यायच्या. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण निम्म्या गल्लीची पोटदुखी आणि जुलाब माझ्या हाताखालून गेले होते, आणि त्याचा मला बऱ्यापैकी माज होता.

"उन्हाळी लागलीय," मी म्हटलं. "दिवसभर ते मशीन मारतेस, पाणी प्यायचं नाव नाही. आता मी देते ते निमूट प्यायचं."

मशीनचं खरं होतं. ती ब्लाऊज शिवायची आणि लग्नसराई असल्यामुळे तासन् तास जागची हलायची नाही. मी तिला मशीनवरून उठवलं, धने भिजत घातले, सब्जा फुगवला. तिने सगळं नाक न मुरडता घेतलं. मला आई म्हणत नसली तरी तिचा माझ्यावर विश्वास होता. आपल्या आईला सांगणार नाही ते ती मला सांगायची.

आता रविवारचं सांगते, कारण सगळं त्या रविवारभोवती फिरलं. फुलांची वाडी करणारी म्हणून मला गावात ओळखत. मुकुट, बाजूबंद, बांगड्या, हार, कमरपट्टा, सगळं मोगऱ्याच्या कळ्यांचं, आणि कळी अशी बसवायची की चार तास उमलली नाही पाहिजे. उमाकांत नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून कुणाच्या ओटीभरणात मला आत बोलावत नसत. फुलं ओवायला मात्र इंदूकाकूच हव्यात. मी मागच्या खोलीत बसून दागिने करायचे, मग सवाष्णी ते नेऊन बाहेर पोरीला घालायच्या, आणि गाणी सुरू झाली की मी मागच्या दाराने घरी. वीस वर्षं हे केलं. माझ्या स्वतःच्या सुनेला मात्र मी माझ्या हाताने घालणार होते, कोण आडवं येतं ते बघणारच होते. माळ्याला चार किलो कळ्यांची ऑर्डर होती. वैरागहून तिची आई यायची होती. सगळ्या गल्लीला आमंत्रण होतं.

गुरुवारी उज्ज्वलाला जरा बरं वाटलं. "बघ," मी म्हटलं. ती म्हणाली, "आग कमी आहे, पण वास येतो आणि गढूळ दिसते." मी म्हटलं, उष्णता बाहेर पडतेय.

शुक्रवारी आग परत आली. दुपारी ती भांडी तशीच टाकून पायरीवर बसली. उजव्या कुशीत, मागच्या बाजूला, कळ येते म्हणाली. सातव्या महिन्यात कुणाची कंबर दुखत नाही, असं मी तिला विचारलं. तिने कुशीवर हात दाबून धरला.

"आत्याबाई, दवाखान्यात दाखवून येऊ का? नाव घातलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या, लघवीला जळजळ झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं."

"नर्सबाईंना सांगायला काय जातंय? सोमवारी तुझी तपासणीची तारीख आहेच की. सोमवारी दाखवू."

"आज गेलं तर?"

"आज गेलं तर झोपवून ठेवतील, सलाईन लावतील. मग रविवारी काय, रिकाम्या खुर्चीची ओटी भरायची?"

हे मी हसत म्हटलं. तीही हसली, म्हणजे ओठ हलवले. चालत दहा मिनिटांवर दवाखाना होता.

शनिवारी दुपारी तिला थंडी वाजली. बाहेर कौलं तापून फुटायची वेळ आणि ही पोर दात वाजवत होती. एक गोधडी घातली, दुसरी घातली, तरी खाट हलत होती. मी डब्यातली तापाची गोळी दिली आणि तिच्या पायाशी बसून राहिले. तासाभराने तिला दरदरून घाम आला, अंग निवलं. मी तिचं तोंड पुसलं. म्हटलं, गेलं बघ, घामाबरोबर सगळं बाहेर पडलं. तिने माझा हात धरून ठेवला.

"यांना सांगू का?" तिने विचारलं.

उमाकांत वीज मंडळात वायरमन. त्या आठवड्यात वावटळीने खांब पडले होते, तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, जेवायचा आणि ताट तसंच ठेवून झोपायचा. मी म्हटलं, "बाप्यांना असलं काही सांगतात का? तो उगाच घाबरणार, उद्याचं सगळं मोडणार. एक दिवसाचा प्रश्न आहे, उज्ज्वला. परवा सकाळी मी स्वतः तुला घेऊन जाते, पहिला नंबर लावते. मग तर झालं?"

"बरं," ती म्हणाली.

रात्री उमाकांतने तिला विचारलं की तोंड का उतरलंय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, उन्हाने.

रविवारी दुपारी दोन वाजता मी तिला मागच्या खोलीत घेतलं. हिरवी साडी नेसवली. कळ्या ओल्या फडक्यात गार ठेवल्या होत्या. मुकुट बसवला, हार घातला. बाजूबंद बांधायला दंड धरला आणि माझा हात चटकला. गोळीचा असर उतरला होता. अंग नुसतं फणफणलेलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मी बाजूबंद बांधून टाकला. मग मी कमरपट्टा घेऊन तिच्या मागे गेले. गाठ नेहमी उजव्या कुशीला मारतात, म्हणजे पुढून दिसत नाही. मी दोरा ओढला तशी ती ओरडली, आणि लगेच पदर तोंडात धरला.

मला कळलं नाही असं मी कुणाला सांगितलं, तर ते खोटं आहे. मला तिथे, त्या खोलीत, कळलं होतं की ही उन्हाळी नाही. काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण हे आपल्या धन्या-जिऱ्यातलं नाही, एवढं नक्की कळलं. बाहेरून सवाष्णी हाका मारत होत्या. मी दोरा सोडला आणि गाठ डाव्या कुशीला मारली.

"तासभर बसशील ना?" मी विचारलं.

"तासभरच ना?"

"तासभर."

"बसते," ती म्हणाली.

तिला आंब्याच्या डहाळ्या लावलेल्या खुर्चीत बसवली. सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या की अशी वाडी इंदूकाकूंनी आजवर कुणाचीच केली नव्हती. मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते, पण तिथपर्यंत सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तिचे गाल तापाने लाल झाले होते. बायका म्हणत होत्या, काय तेज आलंय. तिच्या आईने ओटी भरताना तिचा हात धरला आणि माझ्याकडे वळून बघितलं. "हात लई गरम लागतोय हो हिचा." मी म्हटलं, "वैशाख आहे, विहीणबाई. सगळ्यांचेच लागतात." त्या माउलीने ते मानलं. मी गावातली जाणती बाई होते ना.

मग वाट्या आल्या. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी; पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. उज्ज्वलाने हात पुढे केला, एक वाटी उघडली. बर्फी होती. बायकांनी हसून गलका केला, आणि त्या गलक्यात ती पुढे वाकली ती वाकतच गेली. मुकुट तिच्या मांडीवर पडला. खालची साडी ओली झाली होती.

कुणीतरी पोराला सायकलवर उमाकांतकडे पिटाळलं. तो मंडळाची जीप घेऊनच आला. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि वाटेत मी तिच्या अंगावरची फुलं तोडत होते. का तोडत होते कुणास ठाऊक. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला हात लावला, पाठीत उजव्या बाजूला नुसतं बोट टेकलं, तशी ती किंचाळली. "ताप कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"कालपासून," मी म्हटलं.

"लघवीला त्रास?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

हे शब्द कुठून आले ते मी आजही सांगू शकत नाही. भीती म्हणा. समोर डॉक्टर, शेजारी मुलगा, मागे विहीण. उज्ज्वला टेबलावर पडली होती, तिला कळा येत होत्या, पण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग तिला आत नेलं.

दिवेलागणीला ती मोकळी झाली. मुलगी होती. माझ्या ओंजळीत मावली असती, पण मला ओंजळीत घेऊ दिली नाही, काचेच्या पेटीत ठेवली. तिला नीट रडताही येत नव्हतं. सोलापूरला न्यायची म्हणून सकाळी गाडी सांगितली. गाडी दारात येऊन उभी राहिली, आणि त्याच वेळी नर्स बाहेर येऊन उमाकांतला म्हणाली, आता नेऊन उपयोग नाही.

उज्ज्वलाचाही ताप हटत नव्हता. दोन दिवस तिचा काही भरवसा नव्हता. बुधवारी ती जरा डोळे उघडून बघायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या खाटेपाशी आल्या. उमाकांत होता, तिची आई होती, मी होते. बाई रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या.

"हिच्या लघवीत जंतू झाले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक उन्हाळी म्हणून सोडून देता. सब्जा पिऊन दोन दिवस आग कमी वाटते, जंतू असतात तिथेच. ते वर मूत्रपिंडापर्यंत गेले. म्हणून थंडी, म्हणून ताप, म्हणून पाठीत कळ. त्या तापानेच दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या."

उमाकांतने विचारलं, आधी आणली असती तर?

"जळजळ सुरू झाली तेव्हा आणायची. बाई गरोदर असली तर एक दिवससुद्धा अंगावर काढायचं नाही. लघवी तपासली असती, गरोदरपणात चालतात अशा गोळ्या दिल्या असत्या, बहुतेक आठवड्यात बरी झाली असती. कुशीत दुखायला लागलं तेव्हा आणली असती, तरी ॲडमिट करून काहीतरी करता आलं असतं. पण हिने चार-पाच दिवस काढलेत. एका दिवसात हे इथवर येत नाही."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. उमाकांत उभाच राहिला. मग तो माझ्याकडे वळला.

"चार-पाच दिवस? आई, तू तर म्हणालीस कालपासून. तुला काही बोलली होती ही?"

माझ्या पोरासमोर मला एक वाक्य बोलायचं होतं. हो, बुधवारी बोलली होती, आणि शुक्रवारी, आणि शनिवारी, आणि मी तिला थांबवलं. एवढंच. तो ओरडला असता, कदाचित घर सोडून गेला असता. विहिणीने मला तिथेच शिव्या घातल्या असत्या, आणि गल्लीत मला पुन्हा कुणी दारातून काही विचारलं नसतं. उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. चार थेंब पडले असतील, नाहीतर चाळीस.

"नाही," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी कुणालाच बोलले नाही."

उमाकांत तिच्याकडे वळला. माझं पोर गरीब स्वभावाचं, त्याने कधी बायकोवर आवाज चढवला नव्हता. तो हळूच बोलला, आणि त्यामुळे ते जास्त वाईट ऐकू आलं.

"तोंड नव्हतं का तुला?"

तिची आईसुद्धा म्हणाली, अगं, मला तरी चिठ्ठी टाकायचीस. उज्ज्वलाने तोंड भिंतीकडे केलं. मी तिच्या अंगावर चादर ओढली. मला तेवढंच सुचलं.

घरी आल्यावर बायका भेटायला आल्या. दृष्ट लागली म्हणाल्या. एवढी देखणी वाडी करायला नको होती, लोकांच्या नजरा वाईट. मी मान हलवली. मला ते सोयीचं होतं. त्यानंतर मी फुलाला हात लावला नाही, तर त्याचंही लोकांनी कौतुक केलं, इंदूकाकूंनी किती मनाला लावून घेतलं बघा. धने-सब्जा सांगणंही सोडलं. कुणी बाई दारात येऊन कुजबुजायला लागली की मी तिला तशीच हाताला धरून दवाखान्यात पोचवते, घरचं काम टाकून. गावात त्याचंही नाव झालं.

त्या दोघांना पुढे मूल झालं नाही. उमाकांत वाईट वागला असं नाही, पण ते वाक्य घरात राहिलं. दूध उतू गेलं, गॅस संपल्याचं सांगायचं राहिलं, की तो म्हणायचा, तुला वेळेवर बोलता येतच नाही. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. माझ्याशी ती बोलायची, जेवायला वाढायची, माझे पाय चेपायची. थट्टा मात्र संपली. स्वतःचं काही दुखलं तर मला सांगायची नाही. औषधाची पुडी दिसायची तेव्हा कळायचं.

चौथ्या वर्षी एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो, ती काजं करत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी तू खोटं का बोललीस गं? माझ्यासाठी?"

तिने सुई थांबवली नाही.

"तुमच्यासाठी नाही, आत्याबाई. मी तुमची वाट बघत होते. वाटलं, आता बोलाल, मग बोलाल. तुम्ही वर बघत होता. यांनी मला विचारलंच नव्हतं, तुम्हाला विचारलं होतं. मी खरं सांगितलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मला सहन झालं नसतं. तेवढं तरी मला बघायचं नव्हतं."

मी म्हटलं, "मी आज सांगते त्याला. आल्या आल्या सांगते."

"बघा," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

संध्याकाळी तो आला, चहा प्यायला, टीव्ही लावला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याने विचारलं, काय गं आई? मी म्हटलं, काही नाही, कंबर दुखतेय. त्याने उठून मला मलम आणून दिलं.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. मागच्या महिन्यात उमाकांतची चुलत पुतणी माहेरपणाला आली होती, पाचव्या महिन्यातली. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि उज्ज्वला वाढत होती. पोरगी सहज म्हणाली की तिला लघवीला जरा जळजळतंय, उन्हाळीच असेल. उमाकांतने घास खाली ठेवला. तिला म्हणाला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल, मी गाडी काढतो. आणि मग, केस पांढरे झालेला माझा मुलगा, उज्ज्वलाकडे बोट करून त्या पोरीला समजावून सांगू लागला.

"हिच्यासारखं करू नकोस. ही पाच दिवस गप्प बसली. घरात आई होती, सगळं कळणारी. हिने तिलासुद्धा सांगितलं नाही. आमची पोर गेली."

माझं वय आता शहात्तर. मला कुणी घराबाहेर काढणार नाही, विहीण जाऊन दहा वर्षं झाली, गल्लीतल्या त्या बायकांपैकी निम्म्या उरल्या नाहीत. भिण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. मी तोंड उघडलं. पोरगी माझ्याकडे बघत होती, उमाकांत माझ्याकडे बघत होता.

"काय आई?"

उज्ज्वला आमटीचं पातेलं घेऊन माझ्यापाशी आली होती. तिने माझ्या वाटीत आमटी वाढली, भात हवा का ते विचारलं आणि पुढच्या ताटाकडे गेली. या वेळी तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "जा तुम्ही, उशीर करू नका."